विनातिकीट मैफल आणि घरातली भाषा : लुइझियानाच्या अनुभवातून



आपल्या मंडळाच्या सभेत दरवर्षी एक विषय हमखास निघतो. गणेशोत्सवातला गाण्याचा कार्यक्रम सभागृहात तिकीट लावून करायचा, की बाहेर मांडव घालून सर्वांना खुला ठेवायचा? खर्चाचा हिशेब मांडणारे एका बाजूला बसतात, "लोक यायला तर हवेत ना" म्हणणारे दुसऱ्या बाजूला. हा वाद मिटतो न मिटतो तोच कुणीतरी दुसरा विषय काढते, की मुले मराठी बोलत नाहीत. त्यावर सगळेच सुस्कारा सोडतात, चहा येतो आणि सभा संपते.

हे दोन विषय आपण वेगवेगळे समजतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यात मात्र गेली पन्नास वर्षे ते एकत्र हाताळले जात आहेत. तिथे फ्रेंच बोलणारा एक जुना समाज आहे. त्याचे केजन आणि झायडेको हे दोन संगीतप्रकार आज जगभर ऐकले जातात, आणि त्यांचा मोठा उत्सव दर ऑक्टोबरात लाफायेट शहरातल्या गिरार्ड पार्कमध्ये उघड्यावर, विनामूल्य भरतो. त्याचे नाव 'फेस्टिवाल्स आकादियाँ ए क्रेओल'. २०२४ मध्ये या परंपरेला पन्नास वर्षे झाली. २०२५ मध्ये झायडेकोचा राजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्लिफ्टन शेनिए यांची जन्मशताब्दी आली. त्यानिमित्त निघालेल्या गौरव-अल्बममध्ये रोलिंग स्टोन्ससारखा बँडही त्यांचे फ्रेंच गाणे गायला. गाणे इतके नावारूपाला आले, पण ज्या भाषेतले ते गाणे, तिचे काय झाले? आपल्यासारख्यांनी विचारावा असा हा प्रश्न आहे.

हे लोक कोण?

आजच्या कॅनडातील नोव्हा स्कॉशिया भागात सतराव्या शतकात फ्रेंच शेतकरी वसले होते. त्या प्रदेशाला ते 'आकादी' म्हणत. पुढे तिथे ब्रिटिशांची सत्ता आली आणि १७५५ पासून त्यांनी या लोकांना हुसकावून लावायला सुरुवात केली. घरे जाळली गेली, कुटुंबे वेगवेगळ्या जहाजांत भरली गेली. त्यांपैकी अनेक जण १७६० च्या दशकापासून लुइझियानात येऊन पोहोचले. १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजांतून आणखी सुमारे सोळाशे जण आले. 'आकादियाँ' या शब्दाचा बोलताना झाला 'कादियाँ' आणि इंग्रजी तोंडी झाला 'केजन'.

त्याच भूमीत आफ्रिकी वंशाचे, फ्रेंच आणि क्रेओल बोलणारे लोकही पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. काही गुलामगिरीतून आलेले, काही स्वतंत्र. त्यांना क्रेओल म्हणतात. एकाच गावात, एकाच भाताच्या आणि उसाच्या शेतांत राबणाऱ्या या दोन समाजांची गाणी एकमेकांत मिसळली. वर्णभेदामुळे पंगती वेगळ्या असल्या तरी सूर वेगळे राहिले नाहीत.

केजन संगीतात व्हायोलिन, दहा बटणांचे छोटे अ‍ॅकॉर्डियन, गिटार आणि लोखंडी त्रिकोण असतो. हा त्रिकोण पूर्वी गवत गोळा करायच्या दाताळ्याच्या दात्यांपासून बनवीत. अ‍ॅकॉर्डियन जर्मनीतून आले. त्याचा भाता आणि आतल्या कंप पावणाऱ्या पट्ट्या आपल्या पेटीच्याच कुळातल्या. फरक इतकाच, की या छोट्या अ‍ॅकॉर्डियनचा भाता दाबताना एक सूर निघतो आणि ओढताना त्याच बटणातून दुसरा. झायडेको हे क्रेओल लोकांचे. त्यात ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूज मिसळलेले असतात आणि वादक छातीवर पन्हाळीचा पत्रा अडकवून त्यावर चमच्यांनी किंवा बाटली उघडण्याच्या चाव्यांनी ताल धरतो. या पत्र्याला 'फ्रोत्वार' म्हणतात. पूर्वी कपडे घासायची फळी हातात धरून वाजवीत. ती अंगरख्यासारखी खांद्यावर अडकवता यावी अशी शेनिए यांनी १९४६ मध्ये एका पत्राकाम करणाऱ्याकडून घडवून घेतली. 'झायडेको' हा शब्दही स्वयंपाकघरातला. फ्रेंचमध्ये शेंगांना 'ले झारिको' म्हणतात, त्याचा उच्चार घसरत घसरत झायडेको झाला. शेंगांत मीठ नाही, म्हणजे खारवलेले मांस घालायचीही ऐपत नाही, अशी ती जुनी म्हण.

शाळेने काय केले

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खेड्यांत फ्रेंचच चाले. १९१६ मध्ये शिक्षण सक्तीचे झाले आणि १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजीच हवी असे ठरवले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. "मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही" अशी ओळ शेकडो वेळा लिहून घेत. ही मुले मोठी झाली, आईबाप झाली आणि त्यांनी ठरवले की आपल्या लेकरांवर ही वेळ येऊ द्यायची नाही. मग नवरा-बायको आपसांत फ्रेंच बोलत आणि मुलांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मुलांनी ऐकू नये अशा गोष्टींची भाषा म्हणून फ्रेंच उरली.

गाण्यावर अशी बंदी नव्हती. १९२८ मध्ये जो फाल्कन आणि क्लेओमा ब्रो यांनी पहिली केजन तबकडी ध्वनिमुद्रित केली. १९२९ मध्ये क्रेओल अ‍ॅकॉर्डियनवादक अमेदे आर्द्वां आणि गोरे व्हायोलिनवादक डेनिस मॅगी यांनी एकत्र बसून ध्वनिमुद्रण केले. शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरातले सामान बाहेर काढून नाच होई. लहानग्यांना आतल्या खोलीत निजवीत, म्हणून त्या नाचाचे नावच पडले 'फे दो दो', म्हणजे 'झोप रे बाळा'. तरी सुशिक्षित मंडळी या संगीताला 'चँकी-चँक' म्हणून हिणवीत.  भाषेची लाज गाण्यालाही चिकटली होती.

लाज कशी गेली

१९६४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवाने तीन केजन वादकांना बोलावले. लुइझियानातल्या एका वर्तमानपत्राने जाण्याआधीच त्यांची टिंगल केली, की हे बाहेर जाऊन आपले हसे करून घेणार. त्या तिघांत ड्युई बाल्फा होते. गावात पोटापाण्यासाठी शाळेची बस चालवणे यांसारखी कामे करणारा हा माणूस. त्यांनी त्याआधी दोनशेहून अधिक श्रोते एका जागी पाहिले नव्हते. न्यूपोर्टला समोर हजारोंचा समुदाय होता आणि गाणे संपल्यावर तो उठून उभा राहून टाळ्या वाजवू लागला. बाल्फा परत आले ते एक ध्यास घेऊन. परक्यांनी वाजवलेल्या टाळ्या आपल्या गावात वाजल्या पाहिजेत.

१९६८ मध्ये राज्य सरकारने फ्रेंचच्या जोपासनेसाठी एक परिषद स्थापन केली. तिचे संक्षिप्त नाव कोडोफिल. तिचे पहिले अध्यक्ष, जेम्स डोमेंजो, यांचा भर शाळेतल्या फ्रेंचवर होता. बाल्फा आणि तरुण अभ्यासक बॅरी जाँ आन्स्ले यांचे म्हणणे असे, की आधी लोकांना आपल्या गाण्याचा मान वाटू द्या. २६ मार्च १९७४ रोजी लाफायेटच्या ब्लॅकहॅम कोलिझियममध्ये 'केजन संगीताला मानवंदना' हा कार्यक्रम झाला. हवा खराब होती, तरी सुमारे १२,००० लोक आले. एरवी हे संगीत दारूच्या गुत्त्यात नाचता नाचता ऐकायचे. इथे मुद्दाम खुर्च्या मांडल्या आणि नाचाला जागा ठेवली नाही. लोकांनी बसून ऐकावे, आपला शेजारी अ‍ॅकॉर्डियन वाजवतो तो कलावंत आहे हे पाहावे, हा हेतू. त्या मंचावर डेनिस मॅगी आणि बाल्फा बंधूंबरोबर क्रेओल वादक कॅनरे फॉन्टेनो आणि क्लिफ्टन शेनिएही होते.

पुढे लवकरच हा कार्यक्रम गिरार्ड पार्कच्या झाडांखाली आला आणि उत्सव झाला. शहराच्या मध्यभागी दर एप्रिलअखेरीस भरणारा 'फेस्टिवाल अँतेर्नास्योनाल' १९८७ पासून सुरू आहे, तोही विनामूल्य. वसंतात आणि शरदात शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर होणाऱ्या मैफलींनाही तिकीट नसते. म्हणजे मोफत मैफल ही तिथे एखाद्या वर्षाची दानशूरता नाही, त्या शहराने लावून घेतलेली सवय आहे.

तिकीट नसल्याने काय साधले

पहिली गोष्ट, मैदानाला दार नसल्यामुळे 'हा कार्यक्रम कुणाचा' हा प्रश्न सैल होतो. तिकीट लावले की येतात ते आधीच रसिक असलेले. खुल्या मैदानात खुर्ची काखोटीला मारून आजी येते, नातवंडांना घेऊन सून येते, आणि ज्याला फ्रेंचचा गंधही नाही असा शेजारीही येतो. भाषेचा मान वाढायला घरच्यांइतकीच शेजाऱ्याने दिलेली दाद लागते. न्यूपोर्टने बाल्फांना हेच शिकवले होते.

दुसरी गोष्ट, तीन पिढ्या एका जागी येतात. मंचासमोर नाचायला मोकळी जागा असते. आजोबा नातीला टू-स्टेप शिकवतात, वॉल्ट्झला लहान मुले मोठ्यांच्या पायांवर पाय ठेवून फिरतात. सभागृहात मूल रडले तर आई बाहेर जाते. मैदानात ते धावत सुटते आणि गाणे कानावर पडत राहते.

तिसरी गोष्ट खर्चाची. मोफत म्हणजे कुणीच पैसे दिलेले नसतात असे नाही. वादकांना मानधन, मंच, ध्वनियोजना, स्वच्छता यांचे बिल येतेच. ते खाण्यापिण्याच्या विक्रीतून, उत्सवाचे बिल्ले आणि टीशर्ट यांतून, स्थानिक प्रायोजकांकडून आणि स्वयंसेवकांच्या घामातून भागते. म्हणून तिथे 'घरून डबा आणू नका, इथेच खा' हे सांगणे उद्धटपणाचे समजत नाहीत. गम्बो आणि बुदँ खाणे हीच वर्गणी. पाऊस पडला की मात्र हा सगळा हिशेब वाहून जातो. उघड्यावरच्या मोफत उत्सवाचा हा खरा धोका आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागते.

आणि तरीही भाषा?

आता दुसरी बाजू. १९६८ मध्ये राज्यात फ्रेंच बोलणारे दहा लाखांच्या घरात होते असा अंदाज सांगितला जातो. आज ते लाखभराच्या आसपास आहेत. म्हणजे उत्सवाची पन्नास वर्षे वाढीची आणि भाषेची तीच पन्नास वर्षे ओसरण्याची. गाण्याचा मान वाढला, घरातले बोलणे वाढले नाही. अनेक तरुण गायक फ्रेंच शब्द कानाने पाठ करून गातात. सूर अचूक असतो, पण गाणे संपल्यावर मंचावरून बोलायचे ते इंग्रजीत. श्रोतेही तसेच, ठेक्यावर पाय हलतो आणि ओळीचा अर्थ विचारला तर हसून मान हलवतात.

यात उत्सवाचा दोष काढणे अन्यायाचे होईल. भाषा घरातून गेली ती १९२१ नंतरच्या दोन पिढ्यांत. उत्सव आला तोवर साखळी तुटलेली होती. उत्सवाने लाज घालवली, आणि लाज असेपर्यंत पुढचे काहीच होऊ शकत नाही. पण लाज गेली म्हणजे भाषा आली असे होत नाही. मधली पायरी वेगळी आहे. ती वर्गात आणि स्वयंपाकघरात चढावी लागते, तिथे टाळ्या नसतात.

ती पायरी राजकारणातही डगमगते. १९७४ च्या राज्यघटनेने लोकांचा आपली भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क मान्य केला. २०१८ मध्ये लुइझियाना फ्रेंच भाषक देशांच्या जागतिक संघटनेत निरीक्षक म्हणून दाखल झाले. दरम्यान २०१२ मध्ये भारतीय वंशाचे गव्हर्नर बॉबी जिंदल यांनी कोडोफिलच्या तुटपुंज्या तरतुदीतून एक लाख डॉलर कापले होते. उत्सवाला पुढारी फीत कापायला येतात, शिक्षकाच्या पगाराची वेळ आली की कात्री दुसरीकडे चालते. हा अनुभव आपल्यालाही अपरिचित नाही.

कुणाचा उत्सव?

आणखी एक वाद तिथे चालत आला आहे आणि तो दडपून पुढे जाता येत नाही. उत्सवाच्या नावात बरीच वर्षे फक्त 'आकादियाँ' होते. मंचावर क्रेओल वादक पहिल्या दिवसापासून होते, पण फलकावर त्यांचे नाव नव्हते. २००८ मध्ये 'ए क्रेओल' हे शब्द जोडले गेले. अमेदे आर्द्वां यांच्या सुरावटी आज प्रत्येक केजन वादक वाजवतो. त्या माणसाला एका नाचाच्या रात्री गोऱ्या स्त्रीने घाम पुसायला रुमाल दिला म्हणून मारहाण झाली असे तिथे सांगतात. १९४२ मध्ये ते एका सरकारी मनोरुग्णालयात वारले. त्यांचा पुतळा ओपेलूसासजवळ उभा राहायला २०१८ उजाडले. फुकट आणि खुले मैदान आपोआप सर्वांचे होत नाही. नाव कुणाचे, मंचावर आधी कोण, निमंत्रण कुणाच्या दारी जाते, हे ठरवावे लागते.

जिथे जमले, तिथे काय जमले

गेल्या काही दशकांत लुइझियानात काही शाळा सर्व विषय फ्रेंचमधून शिकवू लागल्या. सुरुवातीला फ्रान्स, बेल्जियम, कॅनडातून शिक्षक आणले. त्यातून नवा पेच झाला. आजीच्या फ्रेंचमध्ये मोटारीला 'शार' म्हणतात, शाळेतली बाई सांगते 'व्वात्यूर'. मुलाला वाटते आजीचे चूक. पुढे स्थानिक शब्दांना वर्गात जागा देण्याचा आग्रह वाढला. २०२३ मध्ये किनाऱ्यावरच्या पॉइंट-ओ-शियाँ या आदिवासी वस्तीत, जिथली इंग्रजी शाळा बंद पडली होती, तिथे लोकांनी झगडून फ्रेंच शाळा सुरू करून घेतली आणि तीत स्थानिक बोलीला मान दिला.

'फ्यूफोले' नावाचा तरुण बँड अशा शाळांत शिकलेल्या मुलांना घेऊन उभा राहिला. ते जुनी गाणी गातातच, शिवाय फ्रेंचमध्ये नवी लिहितात. शाळेने शब्द दिले आणि उत्सवाने मंच दिला, तेव्हा हे घडले. गिरार्ड पार्कमध्ये मोठ्या मंचांबरोबर एक छोटा कार्यशाळेचा मंचही असतो. तिथे बुजुर्ग वादक एखादे गाणे कुठून आले हे बसून सांगतात. युनिस गावात मार्क सॅव्हॉय यांच्या अ‍ॅकॉर्डियनच्या दुकानात शनिवारी सकाळी वाद्य घेऊन कुणीही येऊन बसावे अशी जुनी रीत आहे. तिथेही तिकीट नाही, मंचही नाही. नवशिक्या मुलगा सत्तरीच्या माणसाशेजारी बसतो आणि चुकत चुकत शिकतो. माझ्या मते उत्सवाच्या मोठ्या मंचापेक्षा ही खोली अधिक महत्त्वाची. पण त्या खोलीकडे येण्याची इच्छा मोठ्या मंचामुळे होते, हेही खरे.

आपले काय?

आपण ग्वाल्हेरकर मंडळी विनामूल्य मैफलीला नवखे नाही. हजीरा भागात तानसेनाच्या समाधीपाशी दर डिसेंबरात होणारा समारोह ऐकत आपल्या तीन पिढ्या वाढल्या, शाल पांघरून, पहाटेपर्यंत. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथे गांधर्व विद्यालय काढले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथलीच गायकी महाराष्ट्रात नेली. गाण्याचे देणेघेणे आपण केले ते मोठ्या दिमाखाने. पण ख्याल टिकला म्हणून घरातली मराठी टिकली का? ख्यालाच्या बंदिशी ब्रजात असतात, त्याला मराठीची गरजच नव्हती. लुइझियानापेक्षा आपला धोका म्हणूनच जास्त लपलेला. गाणे जोरात चालू असते, त्यामुळे काही हरवते आहे हे कळतही नाही.

आणि 'शार' नि 'व्वात्यूर' तर आपल्या घराघरांत आहे. आपली मुलगी पुण्याला जाते, हिंदी वळणाचे मराठी बोलते, तिथली भावंडे हसतात. ती परत येते आणि हिंदीतच बोलू लागते. तिला हसणाऱ्यांनी आणि ते ऐकून गप्प बसलेल्या आपण मोठ्यांनी, दोघांनी मिळून ही भाषा तिच्या तोंडून काढून घेतली.

तेव्हा मंडळाच्या येत्या सभेपुढे माझे म्हणणे इतकेच. गणेशोत्सवातली एक संध्याकाळ तरी खुल्या मांडवात, विनामूल्य ठेवावी. खर्च फराळाच्या स्टॉलमधून आणि देणग्यांतून काढावा. वस्तीतल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांना नावानिशी बोलवावे. निवेदन मराठीत, आपल्याच ग्वाल्हेरी मराठीत असावे. आणि त्या संध्याकाळी आलेल्या मुलांपैकी ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी दर रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी पेटी-तबला घेऊन बसावे. पदाचा अर्थ मराठीत सांगावा, चूक झाली तर हसू नये, आणि चहा मागायचा तोही मराठीतच. मांडवाला हजार माणसे आली आणि रविवारी सहाच मुले आली, तरी मंडळाच्या अहवालात त्या सहांचा आकडा आधी लिहावा.

माझ्या घरची बैठकीची खोली रविवारी सकाळी मोकळी असते. पेटी आहे, तिचा एक सूर अडकतो, तो दुरुस्त करून ठेवतो.